आधी एक दाबायचं

४ फेब्रुवारी

प्रिय काका,

पत्र बघून दचकू नका, घरी सगळे बरे आहेत. सगळे म्हणजे आता आई आणि मी, दोघीच. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि काकूंना मध्ये घालून विचारायची ही गोष्ट नाही, म्हणून लिहिते.

मला कीबोर्ड घ्यायचा आहे. बाबांचा जुना वाजत नाही असं म्हटलं तर खोटं होईल. वाजतो, पण मधल्या सात कीज मुक्या झाल्या आहेत आणि डावीकडचा स्पीकर बरणीत खडे घालून हलवल्यासारखा खुळखुळतो. त्याच्या आतलं रबर आता मिळत नाही, असं तुम्हीच बाबांना म्हणाला होतात. (मला नाही म्हणालात. मी दाराआडून ऐकलं होतं.)

आता का, असं तुम्ही विचाराल. बाबांना जाऊन चौदा महिने झाले, आणि या चौदा महिन्यांत आई एकदाही गायली नाही. गेल्या मंगळवारी मी दुकानातून लवकर घरी आले. आईने खोलीभर पडद्याचं निळं कापड पसरलं होतं आणि त्याच्या कडेला गुडघ्यांवर बसून ती कापत होती. दुपारचं ऊन कापडावर पडून ते पाण्यासारखं हलत होतं. आणि ती गुणगुणत होती, तिचं ते होडीचं गाणं. कात्री चालली की गाणं चालायचं, कात्री थांबली की थांबायचं. मी चपला हातात घेऊन दारातच उभी राहिले. किती वेळ, ते सांगता येणार नाही. मग तिने मान वर केली आणि म्हणाली, "आलीस? चहा टाक." झालं, गाणं संपलं.

घरात पुन्हा वाद्य आलं तर ती पुन्हा गाईल, असं मला वाटतं. मला एवढंच हवं आहे, काका. बाकी सगळं त्यासाठी.

आमच्या चष्म्याच्या दुकानापासून दोन गल्ल्यांवर वाद्यांचं दुकान आहे. तिथे दोन अरेंजर, म्हणजे मागची साथ आपोआप वाजवणारे कीबोर्ड पाहिले. एक काळा, एकसष्ट कीजचा, हलका, स्पीकर आतच बसवलेले, आणि मोठा उजळ पडदा: ताल, लय, पट्टी सगळं ठळक आकड्यांत दिसतं. दुसरा राखाडी, शहात्तर कीजचा, जड. त्याचा पडदा बोटभर, पण बासरी अशी की डोळे मिटावेत. आणि बंद करून पुन्हा सुरू केला तरी आपण जसा सोडला तसाच उघडतो. काळा मात्र प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरू होतो.

हेडफोन लावून मी बराच वेळ बसले. डाव्या हाताची तीन बोटं ठेवली की आत कुठेतरी अख्खा वाद्यवृंद उठून बसतो. बोटं उचलली तरी ते लोक वाजवतच राहतात, जणू शेजारच्या खोलीत आहेत आणि आपण पुढे काय करणार याची वाट बघताहेत. मला वाटलं, बाबाही तिथेच कुठेतरी मागे खुर्चीवर बसले असतील.

एक विचित्र गोष्ट. आईची पट्टी काळी पाच, हे आपल्या घरात सगळ्यांना पाठ आहे. म्हणून मी काळी पाचपासून होडीचं गाणं वाजवलं, तर ते फार वर गेलं. दुसऱ्यावरही तसंच. बाबांनी शिकवल्याप्रमाणे आधी बटण क्रमांक एक दाबून पाहिलं, तरी तेच. मी दुकानदारांना म्हटलं, तुमचे दोन्ही कीबोर्ड चढे आहेत. ते म्हणाले, "ताई, कारखान्यातून येतो तो सुरात येतो. तुमचे कान आज चढलेत." मला फार ओशाळल्यासारखं झालं. पण काका, कान माझे आहेत, मला माहीत आहे ते गाणं कुठे असतं.

कोणता घेऊ? आणि नवी वाद्यं चढी असतात का?

तुमची पुतणी


१२ फेब्रुवारी

प्रिय भिंगबाई,

तुझं पत्र काकूने मोठ्याने वाचून दाखवलं आणि मग मी परत स्वतः वाचलं. तू दारात चपला हातात घेऊन उभी राहिलीस तिथे ती थांबली आणि डोळ्यांत काहीतरी गेलं म्हणाली. आमच्या वर्कशॉपमध्ये धूळ फार.

आता तुझा प्रश्न. एकसष्ट की शहात्तर, यात लोक उगाच झोप घालवतात. घरी गाण्यामागे वाजवायला एकसष्ट पुरतात. पण बासरी चांगली असेल तर ती रोज कानावर पडणार आहे, आणि पडदा काय, त्याकडे बघून कुणी गात नाही. बसवलेलं जसंच्या तसं लक्षात ठेवतो ही तर फारच मोलाची गोष्ट. राखाडी घे. जड आहे तर असू दे, तू काय तो डोक्यावर घेऊन गावभर फिरणार आहेस?

चढेपणाचं म्हणशील तर नवं वाद्य अंगाने कडक असतं. दोनेक महिने वाजलं की उतरतं. दुकानाच्या हॉलमध्ये आवाज घुमतो तेही आहे. दुकानदाराशी भांडू नकोस.

मात्र दोन गोष्टी ऐक. वहिनीला दुकानात नेऊ नकोस, तिथे चार लोकांसमोर तिला अवघडल्यासारखं होईल. आणि घेतलास की घरी उघडण्याआधी माझ्याकडे पाठव. मी सगळं नीट बसवून देतो. मग तुम्ही फक्त एक दाबायचं आणि वाजवायचं, दादा असतानासारखं.

तुझा काका


२० फेब्रुवारी

प्रिय काका,

तुमचं पत्र मिळायच्या आधीच मी आईला दुकानात नेलं होतं. आधी हे कबूल करते.

रविवारी गेलो. ती येते म्हणाली याचाच मला इतका आनंद झाला होता की रस्ताभर मी काय बडबडत होते ते आठवत नाही. तिने चांगली साडी नेसली होती आणि दाराला कुलूप लावून परत एकदा ओढून पाहिलं, बाबा करायचे तसं. दुकानदारांनी राखाडी सुरू केला, संथ ताल लावला, मी काळी पाच धरली. आईने आधी नुसतं ऐकलं. मग हळूच होडीचं गाणं सुरू केलं. पहिल्या दोन ओळी झाल्या. तिसरी ओळ वर जाते ना, तिथे तिचा आवाज फाटला. तिने परत घेतलं. परत फाटला. मग तिने ओठ मिटले आणि दुकानदारांना म्हणाली, "वाद्य छान आहे हो तुमचं."

घरी येताना कोपऱ्यावर आल्यावर म्हणाली, "परवापरवापर्यंत काळी पाच सहज गात होते मी. चौदा महिने गप्प बसले, त्याची शिक्षा. गेला. ह्यांच्याबरोबरच गेला आवाज." मी म्हटलं, रियाज केलास की येईल. ती म्हणाली, "आता नको ते वाद्य घरात. मला बघवणार नाही."

तेव्हापासून ती कापड कापतानाही गुणगुणत नाही.

मला राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर सूर मोजायचं ॲप घेतलं आणि दुकानात जाऊन दोन्ही कीबोर्ड तपासले. दोन्ही अगदी बरोबर आहेत. दुकानदारांची माफी मागितली. घरी आल्यावर बाबांचा कीबोर्ड तपासला. आधी एक दाबलं, काळी पाच दाबली. ॲप म्हणालं, काळी तीन. मला वाटलं ती एकच की बिघडली असेल. वाजतात तेवढ्या सगळ्या तपासल्या. सगळ्या चार पायऱ्या खाली. मग बंद करून पुन्हा सुरू केला आणि एक न दाबता वाजवला. सगळ्या बरोबर.

काका, मी शाळेत जायच्या आधी चार वर्षं बाबांनी मला घरीच शिकवलं. अक्षरं, पाढे, घड्याळ, सगळं त्यांच्याकडून. पुढे बाराव्या वर्षी कीबोर्ड शिकवायला बसले तेव्हाचा पहिला धडा होता: आधी एक दाबायचं, मग वाजवायचं. मी विचारलं होतं, एक दाबल्यावर काय होतं? ते म्हणाले, "बासरी येते." आणि बासरी यायचीच. मी त्यावर पुन्हा कधी शंका घेतली नाही, मी, जी दाराची कडी तीनदा बघते.

नवं वाद्य वाजून वाजून उतरतं, हे खरं नाही ना? त्यात उतरण्यासारखं काही नसतं. तुम्ही चाळीस वर्षं पेट्या आणि कीबोर्ड उघडताय. तुम्हाला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही. रागावू नका. पण हे कुणी केलं आणि का, ते मला सांगा.

तुमची पुतणी


२७ फेब्रुवारी

प्रिय भिंगबाई,

पकडलंस. तुझ्या हाताखालून एक चुकीची काच जात नाही असं दादा म्हणायचा, ते मला आधीच आठवायला हवं होतं.

ऐक तर. बारा वर्षं झाली असतील. दुपारी दादा माझ्या वर्कशॉपमध्ये आला, कीबोर्ड चादरीत गुंडाळलेला, जसं आजारी मूल आणावं. दार लावून घे म्हणाला. त्याच्या तोंडाकडे बघून मला वाटलं काहीतरी भयंकर झालंय. म्हणाला, "परवा गाताना हिचा वरचा सूर फाटला. काही बोलली नाही. भांडी घासताना रडत होती. नळ मोठा सोडला होता, मला ऐकू येऊ नये म्हणून." मग म्हणाला, "हिला दुसरं काही नाही रे. काळी पाच आहे आणि होडीचं गाणं आहे. एक पायरी खाली आण. पण दिसायला काळी पाचच दिसली पाहिजे."

मी त्याला ट्रान्सपोजचं बटण दाखवलं. ते दाबलं की वाद्य पायरी पायरी खाली उतरतं, हात मात्र जिथल्या तिथे. बंद केल्यावर ते जातं, म्हणून मेमरीच्या पहिल्या बटणावर बासरीसकट साठवून दिलं. तो पाण्याचे मीटर टिपणारा माणूस, दोनदा लिहून घेतलंन. त्या संध्याकाळी वहिनी अशी गायली म्हणे, की खालच्या मजल्यावरच्या बाईंनी वर येऊन विचारलं, रेडिओवर कोण आहे.

पुढच्या खेपांना त्याने स्वतःच केलं. दर वेळी मला पत्र यायचं, एका ओळीचं: "आणखी एक." एकूण चार. तारखा त्याने लिहून ठेवल्या आहेत, बॅटरीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला. आपल्या घरात बॅटरी कुणी घालत नाही, म्हणून ती जागा.

मी तुला हात जोडून सांगतो, वहिनीला सांगू नकोस. राखाडी घे, वजा चारवर बसव. तो विसरत नाही, म्हणून मी तोच घे म्हटलं होतं. आवाज परत आला म्हणेल आणि गाईल. तुला हवं होतं ते हेच ना? बारा वर्षं एका माणसाने जे जपलं ते आपण दोघांनी एका पत्रात फोडायचं?

आणि एक सांगतो, हे कुणाला सांगितलेलं नाही. पेटीतले अगदी वरचे सूर मला आता ऐकू येत नाहीत. सूर लावताना मी काकूकडे बघतो. ती समोर भाजी निवडत बसते. बरोबर लागला की मान हलवते. गिऱ्हाइकाला वाटतं म्हाताऱ्याचा कान काय तयार आहे! माणसाला अशा आधारावर जगू द्यावं, एवढंच मला म्हणायचं आहे.

तुझा काका


९ मार्च

प्रिय काका,

झाकण उघडलं. आत कागदी पट्टी चिकटवली आहे आणि तिच्यावर शिसपेन्सिलीने, मीटरच्या वहीत लिहायचे तशाच अक्षरांत, चार तारखा, चार आकडे. वजा एक, वजा दोन, वजा तीन, वजा चार. पहिली मी अकरा वर्षांची असतानाची. शेवटची ते जायच्या आधीच्या वर्षातली, तेव्हा त्यांचे हात थरथरायला लागले होते, पण आकडा सरळ आहे.

परवा मी दुकानात जाऊन राखाडी कीबोर्डवर वजा चार लावलं. काळी पाच दाबली आणि आमचं घर वाजलं. खरंच सांगते, काका, तो सूर आला आणि मला आमची खोली दिसली. भिंतीला टेकवलेली शिलाई मशीन, बाबांची डावी टाच तालावर हलतेय, आई दाराच्या चौकटीला रेलून उभी. काही क्षण मी तिथे होते. दुकानदार म्हणाले, "बांधू का?" माझ्या तोंडावर हो आलं होतं.

पण मग मला पुढचं दिसलं. आई गाईल. गाऊन झाल्यावर म्हणेल, "बघ, अजून तसाच आहे माझा आवाज." बाबांना तेव्हा मान हलवता यायची. मला नाही येणार. माझे कान लगेच लाल होतात, ती विचारेल, काय झालं गं? आणि दोन-तीन वर्षांनी मला तिच्या पाठीमागे आणखी एकदा बटण दाबावं लागेल, त्यानंतर आणखी एकदा.

काकू मान हलवतात हे तुम्हाला माहीत आहे. तुम्हीच त्यांच्याकडे बघता. आईला माहीत नाही. मला फरक एवढाच दिसतो, पण तो फार मोठा दिसतो.

मी दिवसभर काचांचे नंबर तपासते. वजा चार हा आकडा माझ्यासमोरून रोज दहा वेळा जातो. आम्ही तो कागदावर स्पष्ट लिहून देतो, माणूस कागद खिशात घालतो आणि घरी जातो. नंबर वाढला म्हणून कुणी डोळे गेले असं म्हणत नाही. आणि इथे आई समजते आहे की ती गप्प बसली म्हणून चौदा महिन्यांत सगळं संपलं, चूक तिची. ते बारा वर्षं सावकाश उतरत होतं, आणि त्या बाराही वर्षं ती गात होती. हे तिचं आहे. ते तिला न देता मी ठेवून घेऊ शकत नाही.

कदाचित मी चुकत असेन. तुमच्या पत्रावर मी तीन दिवस विचार केला आणि दोनदा तुमचं पटलं. शनिवारी मला सुट्टी आहे. तेव्हा सांगणार आहे.

तुमची पुतणी


२१ मार्च

भिंगबाई,

शनिवार जाऊन आठवडा झाला. दोन ओळी तरी लिही. काकूने आज माझ्याकडे बघून मान हलवली ती सूर बरोबर म्हणून नव्हे.

काका


२५ मार्च

प्रिय काका,

सांगितलं. लिहिलं नाही, कारण काय लिहावं कळत नव्हतं.

ती कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीचे पडदे दुमडत होती. मी झाकण तिच्यासमोर ठेवलं. तिला वाटलं बाबांनी कुठल्यातरी घराचं मीटर टिपून ठेवलंय. "हे काय, एवढं कमी कुणाचं पाणी?" असं म्हणाली. मग मी सगळं सांगितलं. तुमचं नावही आलं, ते मी वगळू शकले नाही.

ती हसली. पण ते हसणं मला आवडलं नाही. म्हणाली, "बारा वर्षं माझ्या गळ्याला मीटर लावलं होतं होय." मी म्हटलं, त्यांनी तुझ्यासाठीच... तर म्हणाली, "माझ्यासाठी? मी दर वेळी विचारायची, कसा झाला आज? हे म्हणायचे, तुझी काळी पाच म्हणजे काळी पाच. आणि मी खुळी खूश! अगं, खालच्या मजल्यावरच्या बाईंना सांगितलंय मी, वय झालं तरी पट्टी नाही सोडली म्हणून. तुम्ही तिघं मनात हसत असाल." मी म्हटलं, आई, मला माहीत नव्हतं. ती म्हणाली, "तू एक नव्हतीस, ठीक आहे. पण दोन भाऊ होते ना."

झाकण तिने सुयांच्या डब्यात टाकलं. त्यानंतर माझ्याशी कामापुरतंच बोलते. मीठ संपलंय. दार लावून घे. जुना कीबोर्ड तिने चादर टाकून झाकला आहे.

मला झोपेत रोज तोच दुकानातला कीबोर्ड दिसतो. मी बोटं उचलते आणि वाजायचं थांबत नाही, मी बंदचं बटण शोधत राहते. काका, मला ती गायला हवी होती. आता ती गात तर नाहीच, आणि बाबांचं नावही घेत नाही. मी तिच्याकडून बाबा पुन्हा एकदा नेले की काय?

तुम्ही म्हणाला होतात, आणि मी ऐकलं नाही.

तुमची पुतणी


६ एप्रिल

भाऊजी,

मायना राहू द्या, मी अजून रागावलेली आहे. पण पोरीने तुम्हाला काय काय लिहिलं ते तिने मला सांगितलं, तिच्या पोटात काही राहत नाही. तेव्हा पुढचं मीच लिहावं म्हटलं. ती लिहील तर चार पानं माफीच मागत बसेल.

चादर टाकल्यावर नऊ दिवस मी त्या वाद्याकडे पाहिलं नाही. दहाव्या दिवशी ती कामाला गेली. मी दाराला कडी लावली आणि चादर काढली. वाद्य सुरू केलं, एक दाबलं नाही. म्हटलं बघू तरी. काळी पाच धरून होडीचं गाणं घेतलं. तिसऱ्या ओळीला गेला फाटून. पण या वेळी मला रडू आलं नाही, कारण हा चौदा महिन्यांतला फटका नाही हे माहीत होतं. मी म्हटलं, असं होय, तू बारा वर्षांपूर्वीच गेलास तर! बरं.

मग ते झाकण काढून मांडीवर ठेवलं. ट्रान्सपोजचं बटण पोरीने दाखवलं होतं. एकदा दाबलं. वजा एक. पहिली तारीख वाचली. त्या दिवसांत हिला गोवर होऊन गेला होता आणि मी हिच्या उशाशी बसून काय काय गायचे, ते सगळं आठवून एकेक गायले. मग वजा दोन. आपण सगळे तळ्यावर गेलो होतो, काकू पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या आणि तुम्ही टोपी हरवलीत, ते वर्ष. त्या वर्षी मला वाटलं होतं, गळा किती मोकळा झालाय, रियाज फळाला आला! रियाज कसला, ह्यांचं बोट. वजा तीन. मग वजा चार, त्यात ह्यांचा शेवटचा हिवाळा, शाल पांघरून वाजवायचे. सबंध दुपार अशी गेली, भाऊजी. मी बटण दाबत होते आणि वर्षं खाली उतरत होती, आणि प्रत्येक पायरीवर हे बसलेले होते. मुक्या कीजच्या जागी मी नुसतंच गात होते. ऊन भिंतीवरून कुठल्याकुठे सरकलं ते कळलं नाही, भात करपला तेव्हा कळलं.

आणि तुम्हाला एक सांगते. वजा चारवरसुद्धा एका जागी टोचतं. तेव्हाही टोचायचं, त्यांच्यासमोर गातानाही. मी ओढून न्यायचे, त्यांना कळू नये म्हणून. म्हणजे ते माझ्यापासून लपवत होते आणि मी त्यांच्यापासून. दोघं एका खोलीत तीन हातांवर बसून! मी आणखी एकदा दाबलं. वजा पाच. म्हणजे पांढरी चार, असं पोरगी सांगते. तिथे तो आवाज असा बसला, जसं दिवसभर उभं राहिल्यावर खुर्चीत बसावं. त्यात जाडपणा आहे थोडा. मला तो ओळखीचा नाही, पण वाईट नाही.

मी पडदे शिवणारी बाई. खिडकी मोजून पडदा कापायचा असतो, हे मला कुणी शिकवायला नको होतं. नुसतं सांगायचं होतं.

गेल्या रविवारी दुकानात जाऊन कीबोर्ड आणला. काळा आणला. तुमचा राखाडी नाही. त्याची बासरी छान आहे, कबूल, पण तो आपलं आपण लक्षात ठेवतो आणि आकडा बोटभर पडद्यात दडवतो, तसला एक माणूस सांभाळून झाला. हा दर वेळी पहिल्यापासून सुरू होतो. मला मोठा ठळक आकडा समोर दिसतो आणि तो मीच लावते. दुकानदाराने विचारलं, "बाई, तुमची पट्टी कोणती?" चार गिऱ्हाइकं उभी होती. मी म्हटलं, पांढरी चार, मोठ्याने. पोरीचे कान लाल झाले, मला काही झालं नाही. खालच्या मजल्यावरच्या बाईंनाही सांगितलं.

पोरगी वाजवते, मी गाते. रोज नाही, पण गाते. तिला वाटत होतं तिने मला दुखवलं. दुखवलंच. पण भाऊजी, चौदा महिने माझ्याकडे ह्यांच्यावर रागवायला काही नव्हतं. सगळे म्हणायचे, किती चांगला माणूस, आणि मीही मान हलवायची, आणि चांगल्या माणसाशी घरात एकटीने बोलायचं तरी काय? आता बोलायला आहे. भाजी चिरताना भांडते, पडदे दुमडताना भांडते.

तुम्ही दोघं या महिनाअखेरीस या. तुमच्यावरचा राग समोरासमोर काढायचा आहे. काकूंना पुढे बसवा. मी कुठे चुकले तर त्यांनी मान हलवू नये, सरळ सांगावं.

काल संध्याकाळी होडीच्या गाण्याच्या मध्येच मी थांबले. पोरीने बोटं उचलली, मागचे लोक आपले वाजवतच राहिले. मी म्हटलं, "अहो, मला सांगितलं असतंत तर आपण दोघं मिळून उतरलो नसतो का?" पोरगी घाबरून माझ्याकडे बघायला लागली. मी तिला म्हटलं, थांबू नकोस, पुढची ओळ माझीच आहे, आणि घेतली.

तुमची वहिनी